नाकं

मिरजेहून बेडगकडं निघालं की
रेल्वेफाटकानंतर डाव्या हाताला
पत्र्याच्या सात खोल्या, त्या आमच्या.
दिसायच्या आधी कळतात.
जीपवाला काच वर घेतो,
फटफटीवाला खांद्याचा टॉवेल नाकावर ओढतो,
शाळेची पोरं तर श्वास धरून पळायची पैजच लावतात.
वीस वर्षं मी ही नाकं मोजतोय.

मृग सरता सरता शिरवळच्या कॉलेजातली
आवटी डॉक्टरीण आली, तपकिरी बाटली घेऊन.
म्हणाली, खाद्यातली ती पांढरी पूड आता बंद.
रोज चिमूट चिमूट औषध चारून
तुम्ही जंतूंना तालमीत घातलंय, मामा.
उद्या खरं दुखणं आलं
तर सुईला ते हसतील.

मी टोपण फिरवलं
आणि बाटलीतनं बाळंतिणीची खोली बाहेर आली.
ओवा. त्याच्या पाठीमागं दालचिनी,
आणि लांब कुठंतरी एक लवंग.
यंकव्वा पाटी टाकून जवळ आली.
"माझ्या दोन्ही वेळेला खाटेखाली
निखाऱ्यावर हेच होतं की.
हे डुकराला?"
डॉक्टरीण म्हणाली, "पोट ते पोटच."

आईपासून तोडलेली वीस पिल्लं.
अठ्ठाविसावा दिवस, हगवणीचा हंगाम.
दहा इकडं, दहा तिकडं.
थेंब मोजायचे सांगितलेले,
पण माझा हात वडराचा,
सुतकी धरून वाढलेला. दगडाला अंदाज चालतो.
मी ओतलं.

दहाही पिल्लं गव्हाणीशी आली,
वास घेतला, शिंकली,
मागं सरली आणि माझ्याकडं बघत राहिली.
उकिरडा पालथा घालणारी जात आमची,
हाटेलातलं आंबलेलं पोटभर खाणारी,
तिला नाक मुरडताना मी पहिल्यांदा बघितलं.
राग आला.
मग हसू आलं, एवढं की यंकव्वानं
आतून विचारलं, काय झालं.

दुसऱ्या दिवसापासून ड्रॉपर,
डोळ्यात औषध घालायचा, नातवाचा.
आधी मूठभर कोंड्यात जिरवायचं,
मग मक्याचा भरडा, मग पेंड,
फावड्यानं तीनदा खालवर.
बाटली रांजणाच्या बुडाशी, ओल्या वाळूत;
उन्हात ठेवली तर तेल उडून जातं,
नुसता वास राहतो आणि खर्च.

सिकंदर भंगारवाल्याचा आकडी काटा
दर बुधवारी मागून आणायचा.
पिल्लू पोत्यात, पोतं आकडीला,
पोत्यात भूकंप, काट्याची सुई वेडी.
ती थांबेपर्यंत धरून उभं राहायचं
आणि पत्र्यावर खडूनं लिहायचं.
सहाव्या बुधवारी ओव्याची दहा
दुसऱ्यांपेक्षा थोडी जड भरली.
थोडीच. जादू नाही.
खाली मात्र कोरडं होतं,
झाडताना खराटा चिकटत नव्हता,
आणि हे कुठल्या काट्यावर मोजायचं
ते डॉक्टरणीलाही ठाऊक नव्हतं.

फाटक्या कानाचं बारकं तरी गेलंच.
ओव्याच्याच खोलीतलं.
मी म्हटलं, हे लिहू नका.
तिनं चष्मा पुसला आणि लिहिलं.

पुढं रंगी व्याली तेव्हा
तिच्या आंबोणातही दोन थेंब टाकले,
शेपा यंकव्वानं स्वतःहून घातल्या,
विचारलं कुणाला नाही.

दिवस मावळताना बेडगच्या वाटेनं
डोक्यावर कडब्याची पेंढी घेतलेली एक बाई आली.
पदर नाकाकडं निघालेला,
मध्येच थांबला.
ती कुंपणाशी उभी राहिली. हुंगलं.
पुन्हा हुंगलं.
"कोण बाळंत झालंय हो तुमच्यात?"

मला काही सुचेना.
यंकव्वा खराटा टेकवून म्हणाली,
"रंगी आमची. अकरा झाली."

बाईनं पेंढी डोक्यावर सारखी केली.
आत वाकून बघितलं, जरा वेळ.
मग आवाज बारीक करून,
बाईनं बाईला विचारावं तसं,
"दूध आहे का पण?"

"आहे की. दोन सडं कोरडी गेली.
बाकीची पुरतात."